माशाच्या तेलातला भाऊराव

अल्फान्सोचा जन्म गोराईत होड्या रंगवण्यात गेला. खरवडायचं, खड्ड्यांत लांबी म्हणजे लुकण भरायची, घासायचं, मग रंग. काम पक्कं. हात मात्र असा की त्याने दार ढकललं तर बिजागरी सुटते.

हा माणूस म्हातारपणी रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला आला. चारकोपच्या हॉलमध्ये. समोर बसलेला माणूस बघून चित्र काढायचं, असा तो वर्ग. समोर बसणारा माणूस मी. लेथवर उभ्याने आयुष्य काढलं, म्हणून एका जागी राहणं जमतं. मी कपडे घालून बसतो. हे सांगावं लागतं, कारण अल्फान्सोने गोराईत वेगळी बातमी पसरवली होती.

पहिल्याच दिवशी त्याच्या हातात कोळशाची कांडी आली. टक्. मोडली. दुसरी घेतली. टक्.

"नीला मॅडम, ह्या कांड्या आजारी आहेत."

"काका, हळू धरा."

"हळू धरून होडी रंगते काय?"

"होडी नाही, भाऊराव काढायचेत."

"फरक काय? जुनं झालं की दोघांत पाणी शिरतं."

मला हलता येत नव्हतं. नाहीतर उठलो असतो.

खरवडलं की फुंकायचं, ही त्याची सवय. कागदावर कोळशाची भुकटी दिसली, त्याने छाती भरून फुंकर मारली. माझा अर्धा चेहरा शेजारच्या फ्लेवियाच्या पांढऱ्या कुर्त्यावर गेला. मग मॅडमनी मळता येणारं खोडरबर दिलं. त्याने ते अंगठ्याने माझ्या नाकावर दाबून चोपडं केलं.

"काय करताय काका?"

"खड्डा होता. लांबी भरली."

फ्लेविया हसून खुर्चीवरून घसरली. कुर्त्याचा हिशेब तिने तिथेच सोडून दिला.

त्याची बायको क्लॅरिस बोरीवलीच्या बाजारात भाजी विकते. तिने अट घातली होती. "वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागणार ना? तुझं लागलं तर जा खुशाल वर्गाला. नाही लागलं तर दर रविवारी माझ्याबरोबर टोपल्या घेऊन बसायचं. वांगी निवडायची."

अल्फान्सो वादळाला भ्यायला नाही. वांग्यांना भ्यायला.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. पण हा माणूस राबला. घरी चुलीतला कोळसा घेऊन जुन्या फळ्यांवर रेघा ओढायचा. फळी भरली की घासून साफ, पुन्हा रेघा. हळूहळू कांड्या मोडायच्या थांबल्या. शेवटी एक चित्र झालं. मान वल्ह्यासारखी, नाक वाकडं. पण माझा उजवा खांदा उतरलेला आहे, तो त्याने नेमका पकडला.

"हे लावू या," मॅडम म्हणाल्या. "पण कोळसा उडतो. पक्का करायचा फवारा मी रविवारी आणते. तोपर्यंत हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं की अल्फान्सोचे हात शिवशिवतात. शिवाय फवाऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. लाकूड टिकवायचं तर माशाचं तेल, हे तो पोरपणापासून करत आला. त्याने चित्र घरी नेलं. पुढून लावलं तर पुसलं जाईल, एवढी अक्कल होती. म्हणून मागून लावलं. दोन हात. मधे उन्हात वाळवून.

रविवारी चित्रं लागली. माझा कागद पिवळा, अर्धपारदर्शक. मागची भिंत माझ्या गालातून दिसत होती. वास असा की खिडकीजवळची जागा लगेच भरली. मग हॉलच्या मागची मांजर आली. स्टुलावर चढली आणि सगळ्यांसमोर माझी हनुवटी चाटायला लागली.

"भाऊराव, तुम्ही कुणाला तरी आवडलात," फ्लेविया म्हणाली.

मॅडमनी नाकाला रुमाल लावून चित्र उतरवलं आणि बाहेर फाटकाला अडकवलं. तेवढ्यात क्लॅरिस आली, डोक्यावर रिकामी टोपली.

"भिंतीवर नाही," ती म्हणाली.

"होतं गो. आता उतरवलं. भाऊरावला विचार."

"होतं," मी म्हणालो. "मांजरीने बघितलंय."

क्लॅरिसने चित्र जवळून बघितलं. माझ्याकडे बघितलं. उजव्या खांद्याकडे जरा जास्त वेळ. मग नवऱ्याचे हात उलटेपालटे करून हुंगले.

"हे हात घेऊन माझ्या भाजीजवळ बसणार? गिऱ्हाईक पळेल माझं. मांजरी तेवढ्या येतील." तिने त्याचे हात सोडले. "अटीत हरलास तू. पण बाजारात पाय ठेवायचा नाही. रविवारी इथेच मर."

अल्फान्सोने मान खाली घातली. मोठा पडलेला चेहरा केला. तिची पाठ वळल्यावर मला डोळा मारला.

पुढच्या रविवारी मी बसलो तेव्हा मांजर आधीच येऊन बसली होती. बराच वेळ हलली नाही. मॅडम म्हणाल्या, आज हिलाच काढू या.

मला घरी पाठवलं.