राखीव जागेवरचं लिकेज

नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या लॉबीत समितीच्या नावांचा नवा बोर्ड लागायचा होता, आणि त्यात एक ओळ कोरी राहत होती. अनुसूचित जातीच्या सभासदासाठी राखीव असलेल्या जागेला उमेदवारच मिळेना. एका रविवारी सेक्रेटरी माझ्याकडे आले. मी कायदा शिकवतो, अमेरिकेतले काळे मतदार आणि आपले राखीव मतदारसंघ यांवर काहीबाही लिहितो, हे त्यांच्या कानावर होतं.

"सर, सल्ला हवा होता," ते आवाज खाली आणून म्हणाले. "आपल्या बिल्डिंगमध्ये त्यातलं कोणी आहे का, हे विचारायचं कसं? म्हणजे, कुणाला वाईट न वाटता."

"विचारायची गरज नाही. मी आहे."

ते मोठ्याने हसले. "सर, मस्करी नको."

"मस्करी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं, मग हातातल्या चहाच्या कपाकडे. "पण तुम्ही तसे वाटत नाही," ते म्हणाले, अगदी मनापासून. त्यांच्या मते ते माझं कौतुक होतं. मला राग आला आणि त्याच क्षणी हसूही. उरलेला चहा त्यांनी घाईघाईने संपवला, जणू काही सिद्ध करायचं होतं.

मी बिनविरोध निवडून आलो. बोर्ड भरला.

पहिल्या मीटिंगला चेअरमननी माझ्याकडे मान वळवली. ते जवळच्याच जासई गावचे, शेतजमीन सरकारी संपादनात गेल्यावर बिल्डर झालेले, मोकळ्या मनाचे गृहस्थ. "बोला सर, तुमच्या लोकांचे काय प्रश्न हायत?"

माझे लोक म्हणजे त्या बिल्डिंगमध्ये मी आणि माझी बायको. तिचा प्रश्न एकच होता. वरच्या घरातून आमच्या ओट्यावर पाणी ठिबकायचं, आणि वरचं घर सेक्रेटरींचं. तक्रारी करून आम्ही थकलो होतो. मी तेच सांगितलं.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, 'मागासवर्गीय सभासदांच्या स्वयंपाकघरातील गळती, तातडीने.' दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर दारात हजर.

ही बातमी जिन्याने वरपासून खालपर्यंत गेली. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी, तेही समितीवरचेच, संध्याकाळी आले. "सर, आमचं बाथरूम तुमच्या कोट्यातून बसवता का?"

"काका, तुमचा तर आरक्षणाला विरोध आहे."

"तत्त्वाला आहे हो. बाथरूमला नाही."

त्यांचं झालं, मग समितीतल्या आणखी काहींचं. ओल्या भिंतींचे फोटो माझ्या मोबाइलवर येऊ लागले. बायको म्हणाली, "एवढे लोक तुमच्या जातीत येतील असं वाटलं नव्हतं."

मग मला धीर आला. घरकाम करणाऱ्या बायकांनी पुढची लिफ्ट वापरू नये, मागची सामानाची वापरावी, अशी आमच्याकडे पाटी होती. ती काढावी, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो.

चेअरमन अवघडले. "सर, रागावू नका, पन ते तुमच्या विषयात बसत नाय. तुमचा विषय लिकेज."

"मग मत घ्या," मी म्हणालो. आवाज माझ्याही नकळत चढला होता.

मत घेतलं. बँकेतल्या काकांनी आधी छताकडे पाहिलं, मग हात वर केला. ज्यांच्या भिंती सुकल्या होत्या त्यांचे हात एकेक करत वर आले. सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत राहिले. ठराव जेमतेम पास झाला. माणुसकी किती आणि प्लंबिंग किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

पाटी त्याच संध्याकाळी निघाली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पुढच्या लिफ्टने वर आल्या. दारात चपला काढता काढता त्या बायकोला म्हणाल्या, "ताई, या लिफ्टमध्ये आरसा हाय."