‘जाऊन राहिली’

“इंटर्नने चुकीचं लिहून आणलं. खेड्यातली मुलगी आहे, भाषेचा प्रॉब्लेम आहे,” मॅडम माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हणाल्या. पाहुणे नागपूरचे. हसले. एक जण म्हणाला, “चलता है.”

काय चलता है?

मी गोंदियाच्या कॉलेजात समाजकार्य शिकते, शेवटचं वर्ष. एका संस्थेत इंटर्नशिप होती, मॅडम तिथल्या प्रमुख. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायांच्या दुखण्यांचा सर्वे. बाया मॅडमच्या गाडीपाशी फिरकत नव्हत्या. मग मीच चिखलात उतरले. त्यांच्यासोबत वाकून रोवलं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून लिहिलं. एक काकी म्हणाली, “कंबर धरून रोज दवाखान्यात जाऊन राहिली, बाई. डॉक्टर राहतच नाही. सांगतलं तसंच लिहजो.”

तसंच लिहिलं. आमच्या झाडीबोलीत ‘जाऊन राहिली’ म्हणजे ‘जाते आहे’.

संस्थेच्या अहवालाच्या कार्यक्रमात पडद्यावर ते वाक्य आलं. सुधारलेलं. ‘मी दवाखान्यात जाऊन राहिले.’ डॉक्टर राहत नाही, हे तर गाळूनच टाकलेलं. पाहुण्यांनी विचारलं, “किती दिवस ॲडमिट होत्या?” रोज हेलपाटे मारणारी बाई यांनी खाटेवर निजवून टाकली. दिवसांचा आकडा कुठून सांगणार? मॅडमनी बोट माझ्याकडे केलं. सुधारणा मॅडमची, चूक माझी! वा रे वा.

आणि मॅडम कुठल्या? आमगावच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. पहिल्या दिवशी पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “काऊन भेऊन राहिली वो? मी बी इकडचीच आहो.” मी येडी भाळली. घरी आईला सांगितलं, आपलं माणूस भेटलं. त्यांना हे वाक्य कळत नाही? शहरातल्या कोणी केलं असतं तर इतकं जिव्हारी लागलं नसतं.

मी उठले. “मॅडम, ती रोज जाऊन राहिली. भरती नव्हती. तुमाले माहीत आहे.”

“खाली बस.”

“नाही बसत.”

नंतर त्यांनी केबिनमध्ये कोरा कागद पुढे सरकवला. चूक माझी होती असं लिहून दे, तरच सर्टिफिकेट. त्याशिवाय माझं सेमिस्टर अडतं. कॉलेजच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “दे ना लिहून. काय बिघडते?”

बिघडते, सर. मी सही केली की ती काकी खोटी पडते.

कागद तसाच ठेवून निघून आले. सर्टिफिकेट मिळालं नाही. वर्ष गेलं तर जाऊ द्या, परत बसेन. अहवालावर मी लेखी हरकत दिली आहे. कॉलेजलाही, संस्थेलाही. पूर्ण झाडीबोलीत.

वाचा, मॅडम. आणि कळलं नाही असं माझ्या तोंडावर म्हणून दाखवा.