येतो म्हणायचं, मग काढायचं

मंगळवार. सकाळी धुकं, नंतर कोरडं ऊन. वारा नाही.

आमच्याकडं किस्से साचतात ते वाट बघण्यात. नांदेडच्या आमच्या दुकानात काम एवढंच, की लोकांच्या हार्डडिस्क कॉम्प्युटरला लावायच्या आणि आतला माल दुसरीकडं उतरवायचा. स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरेपर्यंत मी, भागीदार सलीमभाई आणि समोरचं गिऱ्हाईक बोलत बसतो.

आज किनवटच्या आश्रमशाळेतल्या वाघमारे मॅडम आल्या होत्या. कोलामांच्या वस्त्यांवर फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायांची गाणी रेकॉर्ड केलेली. त्यातल्या काहीजणी आता नाहीत आणि गाण्यांची दुसरी प्रतही नाही. डिस्क टेबलावरून पडल्यापासून लावली की थोडा वेळ चालायची, तापली की स्क्रीनवरून गायब व्हायची. मग थंड होईपर्यंत थांबायचं.

पहिल्यांदा गायब झाली तेव्हा मॅडमनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ते बघून सलीमभाईंनी माहूरच्या फोटोवाल्याचा किस्सा काढला.

त्यानं फोनवर विचारलं होतं, "कॉपी लई हळू होऊन राहिली, काय करू?" सलीमभाई म्हणाले, "निळ्यात लावा." म्हणजे कॉम्प्युटरच्या निळ्या खाचेत, ती वेगाची असते. दुसऱ्या दिवशी तो निळ्या पिशवीत डिस्क घेऊन हजर. "कालपास्नं निळ्यातच ठेवली भाऊ, काही फरक न्हाई."

मॅडम हसल्या. "आमच्या घरी तर दारापासून सगळं निळंच आहे. पण डिस्क हळूच चालते."

*

उदगीरच्या एकानं जुनाट कॉम्प्युटरला नवी कोरी डिस्क लावली आणि भांडायला आला, "ही मंद आहे." सलीमभाई शांतपणे म्हणाले, "नवरदेव घोड्यावर असला तरी वरात बँडवाल्यांच्या चालीनं चालते."

*

लातूरच्या फोटोग्राफरचा किस्सा माझा आहे. तो वायर तशीच ओढून काढायचा. एकदा त्यात एका पोरीची अख्खी हळद गेली. मी समजावलं, "कुणाच्या घरून उठताना न सांगता उठता का? येतो म्हणता ना? इथंही तसंच. स्क्रीनवरचं बटण दाबून आधी विचारायचं, कॉम्प्युटर हो म्हणाला की काढायचं." महिन्यानं पुन्हा तीच तक्रार. विचारलं, "येतो म्हणाला होतात का?"

"म्हणलो की. दोनदा म्हणलो, मोठ्यानं."

तेव्हापासून दुकानात त्या बटणाचं नाव 'येतो'.

*

डिस्क थंड झाली. मी जपून, हळूहळू वायर सरकवली. पट्टीनं दोन तास दाखवले. निम्मी गाणीसुद्धा आली नाहीत, तोच डिस्क पुन्हा गायब. या वेळी आतून टक टक आवाजही आला.

"अजून किती वेळा उठून बसेल ती?" मॅडमनी विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

सलीमभाई माझ्या हाताकडं बघत होते. "भाऊ, तुम्ही पाळण्यात लेकरू ठेवल्यासारखं लावून राहिले. हळू सरकवलं की जुन्या वेगाच्या पिना आधी टेकतात. मशीनला वाटतं, जुनीच वायर आली. सरका."

टेबलफॅन डिस्ककडं वळवून आम्ही थांबलो.

मग सलीमभाईंनी निळ्या खाचेत वायर एका झटक्यात घातली. पट्टी म्हणाली, वीस मिनिटं. ती पळत होती. टक टक सुरू झाली तेव्हा थोडीच राहिली होती. मॅडमनी डिस्कवर तळहात धरला, उन्हात सावलीसाठी धरतात तसा.

पट्टी भरली. मी 'येतो'वर बाण नेला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या वाकल्या आणि डिस्कला हलकेच म्हणाल्या, "येते हं."

मी बटण दाबलं, वायर काढली.

सगळी गाणी उतरली. संध्याकाळी डिस्क पुन्हा लावून पाहिली. सुरू झाली नाही.