नसलेल्या पंक्चरचे पॅच

विनयचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत नुसतीच बसून होते. हल्ली रोजच बसते. घरी जायचं म्हणजे पुन्हा तोच हायवे, तोच ट्रॅफिक. किल्ली फिरवायचंसुद्धा जिवावर येतं. "सुलभा गेली," तो म्हणाला. खरं सांगायचं तर तेव्हा मला रडू आलं नाही. खूप थकल्यासारखं झालं, एवढंच... वर्षभर धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी काढून घ्यावं आणि हात मात्र तसेच अवघडलेले राहावेत, तसं.

त्याला आता दोन महिने होत आले. अमेरिकेतल्या या कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळींनी सगळं रीतसर केलं. डबे पोचवले, "देवाला आवडली" असंही म्हणून झालं. ती देवाला आवडली असेल याची मला शंकाच आहे. सुलभा हट्टी होती, भांडायला उभी असायची, आणि चहात साखर जास्त पडली तर पाहुण्यांसमोर सांगायची. मला मात्र फार आवडायची.

नवऱ्याच्या, विनयच्या नोकरीमुळे दोन हजार दोन साली ती नागपूरहून इथं आली. मी आणि ती एकाच बिल्डिंगमध्ये, मी वर, ती खाली. तिकडे शाळेत विज्ञान शिकवायची. इथं तिच्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. त्यात ड्रायव्हिंगच्या परीक्षेत लागोपाठ नापास झाली, आणि कॅरीत गाडी चालवता येत नाही म्हणजे माणूस घरात बसला. मी म्हणायचे, "अगं, मी नेईन की!" एकदोनदा आली. मग म्हणाली, "नको बाई. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तुझी शनिवारची सकाळ मागायची आणि वर तुझा कंटाळलेला चेहरा बघायचा. त्यापेक्षा कोथिंबीर नको." पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी गराज सेलमधून तिनं एक जुनी लेडीज सायकल उचलून आणली. विनयला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. पण तेव्हापासून तिला कुणीही कुठंही न्यावं लागलं नाही.

सायकलचं सगळं ती घरीच करायची. पान्हे स्वयंपाकघरात, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. रिममधून टायर काढायला जुन्या उलथन्याचा दांडा. पंक्चर शोधायला बादली नाही म्हणून ट्यूब बाथटबमध्ये बुडवायची, आणि संध्याकाळी आंघोळीला गेलेला विनय टबाला लागलेली काळी कड बघून आतूनच ओरडायचा. पहिल्या वर्षी बाईंनी चेनला चक्क खोबरेल तेल घातलं. उन्हाळाभर सायकल झकास पळाली. थंडी पडली आणि तेल गोठून चेन पांढरीफटक झाली, पेडल हलेना. मी गेले तेव्हा ही बाल्कनीत बसून हेअर ड्रायरनं चेन शेकत होती. "न्हायला घातलंस, आता वेणी घाल तिची," मी म्हटलं. "विज्ञान शिकवत होतीस ना गं?" यावर तिनं ड्रायर माझ्याकडे फिरवला.

मग आजारपण आलं. केमोच्या दिवशी मी सोडायचे, विनय घेऊन यायचा. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला माहीत होतं, दुखण्यापेक्षा हे असं कुणीतरी न्यायचं आणि कुणीतरी आणायचं, हेच तिला जास्त टोचत होतं. मधल्या बऱ्या दिवसांत ती सायकल काढायची, लायब्ररीपर्यंत जाऊन यायची. एकदा वाटेत चक्कर आली, गवतात बसून राहिली. विनयनं समजावलं, चिडला, हातसुद्धा जोडले. ऐकेल तर ती सुलभा कसली?

त्यानंतर सायकल सारखी पंक्चर व्हायला लागली.

एका शनिवारी मी डबा घेऊन खाली गेले. डोक्याला स्कार्फ बांधून ती टबाच्या काठावर बसली होती, ट्यूब पाण्यात. "बघ गं, एक तरी बुडबुडा दिसतो का?"

"नाही."

"दिसणार नाही. पंक्चर नाहीच आहे. विनय घराबाहेर पडताना हवा सोडतो."

माझं डोकंच फिरलं. "काय पोरखेळ आहे हा! थांब, येऊ दे त्याला, मी विचारते."

"काहून विचारतेस?" ती शांतपणे म्हणाली. "औषधं डॉक्टर देतात, सुया नर्स टोचते, डबे तुम्ही आणता. त्याच्या वाट्याला एवढंच आलंय. करू दे त्याला. आणि तू तोंड बंद ठेवायचं."

मग तिनं धडधाकट ट्यूब पुसून पॉलिश पेपरनं घासली, सोल्यूशन लावलं आणि वर पॅच दाबून धरला. "अगं, पण भोक कुठाय?" "त्यानं कधी उघडून बघितलं तर? पंक्चर होतं असं वाटायला नको?" हवा भरून होईपर्यंत तिला धाप लागली. सायकलवर बसायचं त्या दिवशी राहूनच गेलं, आणि पुढेही बहुतेक वेळा राहूनच जायचं. म्हणजे विनयला जे हवं होतं तेच झालं. ती हरली असं मात्र मला अजूनही म्हणवत नाही.

मागच्या आठवड्यात विनयनं खाली बोलावलं. युनिव्हर्सिटीतल्या कुणा विद्यार्थ्याला सायकल द्यायची म्हणून त्यानं चाक उघडलं होतं. ट्यूब मांडीवर होती, जागोजाग पॅच. "मेधा, एक भी पंक्चर खरं नव्हतं गं," तो म्हणाला. "मी हवा सोडायचो. ती एवढी आजारी, आणि मी तिला टबाशी बसवून हे करायला लावलं. तिला फसवलं मी..."

तोंड बंद ठेवायचं, असं ती म्हणाली होती. मी ठेवलं नाही. "तिला माहीत होतं," मी सांगितलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ एकेका पॅचवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "चिकटवलेत मात्र पक्के," आणि मला तिथं, त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा, रडू फुटलं.

सायकल त्यानं कुणाला दिली नाही. चाक पुन्हा बसवलं, माझ्यासमोर हवा भरली, सायकल दाराशी उभी केली. काल ऑफिसातून येताना बघितलं तर पुढचं चाक बसलेलं. विनयही तेवढ्यात आला. मी म्हटलं, "अरे, एखादा पॅच सुटला वाटतं. हवा गेलीय."

"नाही," कुलूप उघडत तो म्हणाला. "सकाळी जाताना मीच सोडली."