विहीणबाईंचा सॉस

ज्याला गर आहे ते सगळं पुरणयंत्रातून काढता येतं, आणि ज्याला गर नाही ते घरात आणूच नये, अशी आमच्या विहीणबाईंची ठाम श्रद्धा आहे. इतर बायका पुरणयंत्र होळीला माळ्यावरून खाली काढतात आणि पुरण झालं की धुऊन-पुसून परत वर टाकतात. विहीणबाईंच्या पुरणयंत्राने माळा पाहिल्याला जमाना झाला. तीन पायांचं, जाड पत्र्याचं ते यंत्र त्यांच्या भांडुपच्या घरात ओट्यावरच्या मोठ्या पातेल्यावर कायम मांड ठोकून बसलेलं असतं. टोमॅटो, कैरी, पेरू, करवंदं, चिंच, लाल भोपळा, जे हाती लागेल ते आधी शिजतं, मग त्या यंत्रात पडतं, वर दांडा फिरतो, खाली गर उतरतो आणि गराचा सॉस होतो. त्याला चटणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "चटणी दोन दिवसांत संपवायची असते ताई, सॉस ठेवायचा असतो," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. तेही उभ्यानेच.

ती पहिली भेट म्हणजे आमच्या केतकीच्या लग्नाची बैठक. आम्ही मुलुंडहून रिक्षा करून त्यांच्याकडे गेलो होतो. माझे यजमान निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते आणि त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. मुलाकडच्या बाजूने बोलणाऱ्या विहीणबाई एकट्याच, कारण त्यांचे यजमान पूर्वीच गेलेले. सोबत त्यांचे एक दीर होते, ते सोफ्यावर बसून मान डोलवत होते. विहीणबाई मात्र बसायलाच तयार नव्हत्या. पाणी द्यायला उठल्या त्या पोहे आणायला गेल्या, पोहे देऊन चहा बघायला गेल्या, आणि मी "लग्न कार्यालयात करायचं की..." असं म्हणेपर्यंत आतून घर्र, घर्र असा आवाज सुरू झाला. मला वाटलं, पाण्याचा पंप बिघडला. तेवढ्यात त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि थेट आमच्या ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, जरा या ना आत. टोमॅटो गरम आहेत तोवरच उतरतात, गार झाले की वाट लागते."

माझ्या यजमानांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरून घेतला नव्हता. मी डोळे मिटले. म्हटलं, मोडलं हे लग्न. उघडले तर हे बाह्या दुमडून ओट्यापाशी उभे, डाव्या हाताने यंत्राची कड धरलेली, उजव्या हाताने दांडा फिरवताहेत, आणि विहीणबाई बाजूला उभ्या राहून सांगताहेत, "असं नाही भाऊ, मधूनच एकदा उलटं फिरवायचं. सालं जाळीला चिकटतात ना, ती उलटं फिरवलं की सुटतात." कार्यालय, पंगत, मानपान सगळं तिथेच, त्या घर्र-घर्रमध्ये ठरलं. सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले होते. परत येताना रिक्षात हे बराच वेळ हसत होते. "बाईंच्या पायाला भिंगरी आहे," म्हणाले, "पण केतकीला काही कमी पडू देणार नाहीत."

केतकीला काही कमी पडलं नाही हे खरं, फक्त झोप तेवढी कमी पडली. लग्नानंतर तिचे रविवारी सकाळी फोन यायला लागले. "आई, सात वाजता भांडी वाजतात गं! पाच किलो टोमॅटो आणलेत. आम्ही दोघं आठवडाभर ऑफिसात राबतो, एक दिवस झोपू देतील की नाही?" मी म्हणायचे, अगं, मग सांग ना त्यांना. तर म्हणे, "सांगितलं. त्या म्हणाल्या, तू झोप ना, मी कुठे उठवतेय? आणि दारात उभ्या राहून लसूण सोलायला लागल्या." मला राग यायचा. मी बसण्यावर विश्वास असलेली बाई. दुपारी बाल्कनीतल्या खुर्चीत बसून खालच्या गुलमोहराकडे बघत राहणं हा माझ्या मते माणसाचा मूलभूत हक्क आहे. ह्या विहीणबाईंनी असं सारखं का फिरत राहावं, घरादाराला का फिरवावं, हे मला कळायचं नाही. आमच्याकडे आल्या तरी त्या चप्पल काढतानाच "निघते हां मी" म्हणायच्या. चहा खिडकीशी उभं राहून प्यायच्या, आणि माझी मसाल्याची फळी लावून द्यायच्या, ती मला पुढे महिनाभर सापडायची नाही.

सॉसच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती. मिक्सर हा त्यांचा शत्रू. "मिक्सरमध्ये बी फुटते, साल वाटली जाते, वर फेस येतो तो वेगळाच. ह्यात कसं, नको ते वर राहतं, हवं ते खाली येतं." गर उतरला की तो मंद गॅसवर आटवायचा, दालचिनी-लवंगेची पुरचुंडी त्यात सोडायची, आणि झालं की नाही ते ताटलीत थेंब टाकून बघायचं. थेंबाभोवती पाणी सुटलं तर अजून आटवायचा. हे सगळं चोख. चोख नव्हत्या त्या बाटल्या. सरबताच्या, मधाच्या, कुठकुठल्या रिकाम्या बाटल्या उकळून विहीणबाई त्यांत सॉस भरायच्या आणि वर काही लिहायच्या नाहीत. "रंगावरून कळतं की!" एकदा आमचे जावई रंगावरून टोमॅटोचा समजून लाल मिरची-लसणाची बाटली ऑफिसात घेऊन गेले. त्यांच्या साहेबांनी ती समोशावर सढळ हाताने ओतली. त्या दिवशी त्या मजल्यावरचं पिण्याचं पाणी दुपारीच संपलं म्हणतात. विहीणबाईंना सांगितलं तर त्या विचारतात, "पण आवडला का त्यांना?"

केतकीच्या लग्नातही ऐन मंगलाष्टकांच्या आधी त्या गायब झाल्या होत्या. वरमाय कुठे, वरमाय कुठे, असा पुकारा झाला, तेव्हा त्या भटारखान्यात पैठणी खोचून आचाऱ्याला सांगत होत्या की कटलेटबरोबर ठेवलेला सॉस टोमॅटोचा नसून भोपळ्याचा आहे आणि आपली फसवणूक होते आहे. पुढे हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून पेरूच्या सॉसच्या छोट्या बाटल्या वाटल्या. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेले, तर बाई काळा गॉगल लावून ओट्याशी दांडा फिरवत उभ्या! मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?" तर म्हणाल्या, "वाकू नका म्हणालेत. फिरवू नका असं कुठे म्हणालेत? आणि ह्यात डोळ्यांचं काय काम ताई? जाळी मोकळी झाली की आवाज बदलतो. कानाने कळतं."

आमचे हे गेले ते असंच एका सकाळी, पेपर वाचता वाचता. काही आजार नाही, दुखणं नाही. मी चहा घेऊन आले तर पेपर खाली पडलेला. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. एवढंच आठवतं की घर माणसांनी भरलेलं होतं आणि जो येई तो माझा हात धरून माझ्याजवळ बसे. विहीणबाई बसल्या नाहीत. त्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी आल्या, आणि दिवसकार्य होईपर्यंत रोज आल्या. भांडी घासली, पाणी भरलं, आल्यागेल्याचा चहा केला, चादरी धुतल्या. पण माझ्याजवळ येऊन एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते लागलं. एवढी जवळची बाई, स्वतः ह्यातून गेलेली, आणि हिला माझ्यापाशी घटकाभर टेकावंसं वाटू नये?

मग माणसं आपापल्या घरी गेली. केतकी माझ्याजवळ राहिली होती, तीही कामावर जायला लागली. मी सकाळी उठून बाल्कनीतल्या त्याच खुर्चीत बसायचे. गुलमोहर दिसायचा, पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. केतकी संध्याकाळी यायची तेव्हा मी तिथेच, आणि सकाळचं ताट झाकलेलं तसंच.

अशाच एका सकाळी बेल वाजली. दारात विहीणबाई, काखेत पिशवी, मागे रिक्षावाला टोमॅटोची जाळीची गोणी खांद्यावर घेऊन उभा. "तुमचा गॅस मोठा आहे ना," असं पुटपुटत त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला, भांडी वाजली. मी खुर्चीत बसून ऐकत होते. टोमॅटो शिजल्याचा वास घरभर पसरला, आणि मग त्या हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई, चला ना जरा. गरम आहेत तोवर..."

मी ओरडलेच. "विहीणबाई, माझा नवरा गेलाय! तुम्हाला सॉस सुचतोय? इतके दिवस येताय, एकदा तरी माझ्यापाशी बसलात का?"

त्यांचा हात पदरात तसाच राहिला. फार गडबडल्या की त्यांच्या तोंडात मालवणी येते, तशी आली. "माका बोलूक येणा नाय ताई," म्हणाल्या. "काय बोलू?" मग माझ्याकडे न बघता, सावकाश सांगायला लागल्या. "आमचे हे गेले तेव्हा मुलगा लहान होता. लोक यायचे, बसायचे, मीपण बसायचे. मग लोक गेले आणि मी बसले ती बसलेच. पोर शाळेतून यायचं, त्याला जेवायला द्यायचं सुचायचं नाही मला. मग एक दिवस शेजारीण पातेलंभर शिजलेली डाळ घेऊन आली. म्हणाली, होळी आहे, माझा हात दुखतोय, एवढं पुरण काढून दे. तिचा हात काही दुखत नव्हता. पण मी उठले."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. उठले ती उठलेच." त्या थोडं हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "आता बसता येत नाही. बसलं की सगळं परत येतं. तुम्ही माझ्यासारखं करू नका ताई. तुम्हाला छान बसता येतं. आज थोडं फिरवा, पोटभर जेवा, आणि मग बसा."

मी उठले. भिंतीला धरून आत गेले. त्यांनी दांड्याची मूठ माझ्या हातात दिली. पहिले फेरे जाईनात, दांडा अडत होता. त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि एकदा उलटं फिरवलं. सालं सुटली, दांडा हलका झाला, खाली पातेल्यात लाल गर उतरायला लागला. कुठल्याशा फेऱ्याला मला रडू आलं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं तसं आलं. थेंब पातेल्यात पडतील म्हणून मी मान वळवायला लागले, तर त्या म्हणाल्या, "पडूंदे. मीठ अजून घालूचा आसा."

मी रडता रडता हसले, आणि फिरवत राहिले. घर वाफेने भरून गेलं होतं. त्या दिवशी मी गरम पोळीला तो सॉस लावून खाल्ला, एक संपली म्हणून दुसरी घेतली, आणि दुपारी गाढ झोपले. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, ओटा लख्ख होता, खिडकीत बाटल्या गार होत होत्या आणि विहीणबाई निघून गेल्या होत्या.

पुढे कितीतरी दिवस त्या येत राहिल्या. मी फिरवायचे, त्या आटवायच्या, मग मी बसायचे आणि त्या निघायच्या. आम्ही फार बोललो असं नाही. माझी मसाल्याची फळी मात्र त्या अजून लावतात, आणि मला अजून काही सापडत नाही.

हल्ली त्यांचं येणं कमी झालंय. भांडुपची त्यांची इमारत पाडून नवी होते आहे, तोवर सगळे बोरिवलीला भाड्याने राहतात, आणि तिथून इकडे यायचं म्हणजे बसचं दिव्य. शिवाय उजवं मनगट सुजतं, वजन पेलत नाही, असं केतकी सांगते. विहीणबाई स्वतः त्यातलं अवाक्षर काढत नाहीत. परवा मी खालून भाजी घेऊन आले आणि पंख्याखाली बसते न बसते तोच त्यांचा फोन आला. मी विचारलं, "काय विहीणबाई, यंदा कधी करायचा सॉस?" नेहमी ह्या प्रश्नावर त्या मला वाक्य पुरं करू देत नाहीत. या वेळी त्यांनी ते पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "नको ताई यंदा. टोमॅटोच बरे येत नाहीत. नुसतं पाणी. गरच नाही त्यांत."

माझ्या पायाशी पिशवी उघडी पडली होती. लालभडक, घट्ट, गराने भरलेले टोमॅटो. नाक्यावरच्या हातगाडीवर त्यांचा ढीग लागला होता.

"हो ना," मी म्हटलं. "इकडेही तसेच आहेत. यंदा टोमॅटोत काही दम नाही."

"बघा! मी म्हटलं ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा सैल झाला. मग आम्ही दोघी बराच वेळ भोपळ्याबद्दल बोलत राहिलो.