ओल्या गोणपाटातले दहा प्रश्न

मे महिन्यातल्या दुपारी जाफराबाद पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. आमच्या घरासमोरचा रस्ता तापून हलत राहतो. स्टँडकडे जाणारी जीप त्या हलण्यातून हळूच वर येते आणि पुढे जाऊन विरघळते. मी कूलरसमोर थंड फरशीवर पालथी पडून मोबाइल बघत असायचे. घरच्यांना वाटायचं, मी लोळतेय. खरं तर त्या उन्हाळ्यात मी आईच्या पैशांसाठी जागा शोधत होते.

ते आईचे पहिले पैसे होते, तिच्या एकटीचे. तिच्या माहेरच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या शेतातली एक पट्टी सरकारी रस्त्यात गेली आणि तिचा मोबदला मिळणार होता. आमच्याकडे अशा वेळी बहिणी हक्क सोडल्याची सही करतात, साडी-चोळी घेतात आणि विषय संपतो. आईही पेन हातात धरून बसली होती. पण मामानं तिच्यापुढचा कागद ओढून घेतला आणि म्हणाला, "अक्का, तुझा वाटा तुझ्याच खात्यात येईल. तेवढा पासबुकाचा झेरॉक्स दे." आईनं पेन खाली ठेवलं. उठली आणि चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागली. जेवणारं कुणीच नव्हतं, तरी तिनं सात-आठ भाकरी केल्या.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "मंग, कुठं ठेवायचे?"

"पोरगी बघंल," आई म्हणाली. "इंग्रजी शाळंत काय उगंच घातलीय तिला?"

दुकानदारानं चुकीच्या रंगाची ओढणी दिली तर तीच वर्षभर वापरणारी मी. पण आईला नाही म्हणणं त्याहून अवघड होतं. म्हणून शोधायला लागले.

आधी व्हिडिओ सापडले. त्यातली माणसं बोट वर करून ओरडत होती. हे केलं नाही तर पस्तावाल, हे आजच करा. ओरडणाऱ्या माणसांसमोर माझं मन दार लावून घेतं. मग पैसे गुंतवून देणारी एक साइट सापडली. सायीच्या रंगाची. गाड्यांचे, बंगल्यांचे फोटो नाहीत. फक्त रेघांनी काढलेली एक बाई आणि तिच्या हातात कुंडी. तिथलं इंग्रजी मऊ होतं, छोट्या वाक्यांचं. आमच्या शाळेत वाचनालयाच्या मॅडम अशाच बोलायच्या, खिडकीपाशी उभ्या राहून, कुणाला उठवायचं नसल्यासारख्या. दामदुप्पट असा शब्द तिथं कुठं नव्हता. हळूहळू, असा होता. एक आलेख होता, तोही घाई न करता वर चढत जायचा. मी तो दुपारच्या दुपारी बघत बसायचे. कधी डोळा लागायचा आणि ती रेघ झोपेतसुद्धा चढत राहायची, कारल्याच्या वेलासारखी, आमच्या छतावरून पुढे.

मधे मधे गुंतवणुकीची माहिती देणारी सरकारी पानंही समोर आली होती. मराठीतली. अक्षरं एकमेकांवर चढलेली, वर शिक्का, तहसीलच्या भिंतीवर डकवलेल्या नोटिशीसारखी. ती मी दिसताक्षणी बंद केली.

आठवड्यानं आईला म्हटलं, "एक चांगली साइट सापडलीय."

"इंग्रजीत हाय का?"

"हो."

"मंग बराबर असंल."

तिनं पुढे काही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पुढच्या सोमवारी वडिलांना सुट्टी होती. त्या दिवशी बँकेत जाऊन पैसे त्या साइटनं दिलेल्या खात्यावर पाठवायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी मावशी कुरडयांचा सोऱ्या मागायला आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते. मला बघून म्हणाली, "काय गं, मूग गिळून बसली? एवढं शोधून राह्यली अन् सख्ख्या मावशीला पत्ताच न्हाई. मला बी पाठव ते लिंक का फिंक."

मी पाठवली. बोलण्यापेक्षा पाठवणं सोपं होतं.

त्याच दुपारी आईनं मामाकडून आणलेलं सोयाबीनचं बियाणं काढलं. पेरणीआधी आमच्याकडे उगवण बघतात. गोणपाट भिजवून पसरायचं, त्यावर शंभर दाणे ठेवायचे, दहा-दहाच्या दहा ओळी. मग गुंडाळी करून सुतळीनं बांधायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचं. शंभरात सत्तर उगवले तर बियाणं पेरायचं.

मी ओळी लावायला बसले. "मामाच्या घरचं बियाणं पण तपासायचं?"

"भावावर इश्वास हाय," आई म्हणाली. "बियाण्यावर न्हाई. बियाण्याला काय ठाऊक मी त्याच्या मालकाची बहीण हाय म्हणून?"

ती गुंडाळी माझ्या कूलरशेजारीच आली, तिथं गारवा होता म्हणून. ओल्या तागाचा वास खोलीभर पसरला. मी मोबाइलवर आलेख बघत होते, आणि हाताच्या अंतरावर शंभर दाणे अंधारात काहीतरी ठरवत होते. दोन दिवस मी त्या वासात झोपले-उठले. तिसऱ्या दुपारी, धड जाग नाही धड झोप नाही अशा वेळी, मनात आलं, या साइटचे दाणे कुणी मोजलेत?

मी उठून कागदपत्रांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात आमच्या घराची सगळी उत्तरं होती. वडिलांचं पोस्टातलं पाच वर्षांचं आवर्ती खातं, दर महिन्याला भरलेलं, संपून पैसेही हातात आलेलं. माझ्या फीसाठी मुदतीआधी मोडलेली ठेव आणि बँकेनं कापलेलं व्याज. वडिलांची विम्याची पॉलिसी, जी बंद करायला गेलो तेव्हा किती कमी परत मिळतात ते कळलं होतं. ज्यांची उत्तरं आमच्या घरानं भोगली होती, असे दहा प्रश्न मी वहीच्या कागदावर लिहिले. आणि तेच साइटला विचारायला लागले.

पोस्टाचे आकडे साइटच्या गणकयंत्रात घातले. तोच हप्ता, तेवढीच वर्षं, तोच दर. उत्तर पासबुकापेक्षा बरंच मोठं आलं. मी तीनदा घातले, वाटलं माझंच चुकतंय. मधेच पैसे काढले तर काय, यावर साइट गप्प. तुम्ही कमिशन कुणाकडून घेता, गप्प. खाली एक नोंदणी क्रमांक होता, तो इतक्या फिक्या रंगात की मला आधी दिसलाच नव्हता. गुंतवणूक सल्लागारांची सरकारी यादी उघडून त्यात तो शोधला. नव्हता.

दहातले तीन उगवले.

मग मी ती नोटिशीसारखी दिसणारी मराठी पानं उघडली. सावकाश उघडली, माझं मराठी वाचनही सावकाश. तिथं दहातली आठ उत्तरं जुळली. उरलेल्या दोनांची पानं लोडच झाली नाहीत.

कूलर चालू होता, तरी मला घाम आला होता. साइटचा राग आला नाही. त्या मऊ आवाजाचं वाईट वाटलं, आपलं माणूस परकं निघाल्यासारखं. आणि भीती वाटली ती आईला सांगायची. तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेलं काहीतरी माझ्या एका 'हो'वर ठेवलं होतं.

शुक्रवार गेला, मी बोलले नाही. शनिवारी दुपारी आईनं सुतळी सोडली. गोणपाट उलगडलं तसे पांढरे कोंब दिसले, वाकलेले, झोपेतून नुकतेच उठलेले. आई बोटानं एकेक मोजायला लागली.

"आई, ती साइट खोटी आहे."

"थांब, मोजणी चुकंल."

मी थांबले. तिचं बोट ओळीओळीनं सरकत होतं. तेवढा वेळ मी काहीच विचार केला नाही, फक्त कोंब बघत राहिले.

"अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे सेव्हन्टी एट?"

"मला काय ठाऊक तुझं सेव्हन्टी? सत्तर अन् आठ. हं, बोल आता."

मी सगळं सांगितलं. इंग्रजी चांगलं होतं म्हणून विश्वास ठेवला, हेही सांगितलं. ते सांगताना आवाज इतका खाली गेला की आई पुढे वाकली. मी कागद तिच्या हातात दिला. दहा ओळी, तीन बरोबर, सात फुल्या. तिनं तो गोणपाटाकडे बघितल्यासारखाच बघितला.

"तीन म्हणजे बिलकुल न्हाई," ती म्हणाली. मग गोणपाट गोळा करत, "मावशीला पाठीवली होती ना? जा, तूच सांगून ये."

मी त्या उन्हात गेले. दोन गल्ल्या, पण रस्ता लांबत गेल्यासारखा वाटला. मावशी कुरडया पालथ्या घालत होती. ऐकून हसली. "मला कुठं येतंय ते वाचाया? तुझ्या आईनं भरले की मंग मी भरणार होते." आणि माझ्या हातात कुरडयांचा चुरा ठेवून म्हणाली, "बोलती झालीस की गं."

परत येताना लक्षात आलं. आई माझ्याकडे बघत होती, मावशी आईकडे, आणि मी एका रेघांच्या बाईकडे.

सोमवारी कुणी बँकेत गेलं नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "पैसे माझ्या खात्यात हायेत. राहू दे. पेरणी होऊ दे, तोवर ही वाचून दाखवील." मी रोज दुपारी त्या मराठी पानांतलं थोडंसं मोठ्यानं वाचते. एकोणसत्तर की एकोणऐंशी, इथं अडखळते. आई डोळे मिटून ऐकते, झोपली असं वाटतं, आणि आकडा चुकला की डोळे न उघडता सुधारते.

तो दहा प्रश्नांचा कागद तिनं फेकला नाही. विकत आणलेल्या बियाण्याची पावती, पिशवीचा टॅग आणि मूठभर दाणे आई, बियाणं फसलं तर पुरावा म्हणून, एका फडक्यात बांधून पीक हाती येईपर्यंत जपून ठेवते. कागद तिनं घडी करून त्याच फडक्यात बांधला.