पाच हात रंग

पॉलिशकाका मुळातच भित्रे. बायकोने हे लग्नानंतर आठ दिवसांतच ओळखलं आणि तेव्हापासून त्यांची चेष्टा करण्याची एकही संधी वाया घालवली नाही. गॅस बंद केलाय की नाही हे पाहायला ते जिन्यावरून दोनदा परत येत, आणि तिसऱ्यांदा तिला पाठवत. पण त्यांची सगळ्यात मोठी भीती होती ती परक्याने केलेल्या कामाची. दुसऱ्याने आत काय करून ठेवलंय देव जाणे, असं म्हणत नळ, पंखा, इस्त्री, सगळं ते स्वतःच उघडून बसत. आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा ते नीट जोडतही असत.

चाळीस वर्षं त्यांनी फर्निचरला पॉलिश केलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेलं कपाट उलटं करून बघावं, तळालाही तेवढीच झळाळी. खणाच्या मागच्या फळीकडे जन्मात कुणी बघणार नसलं तरी तिथे हात फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लपलेली जागा कोरडी सोडणारा कारागीर त्यांच्या लेखी चोरच.

अशा माणसाच्या लेकीच्या गाडीची अलॉय चाकं फुटपाथला घासून खरवडली आणि त्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला.

"बाबा, चाकं रंगवून देणाऱ्या त्या रिंगवालीकडे टाकते. दोन दिवसांत करून देते ती," लेक म्हणाली.

"आणि तिने भट्टीत घालून चाकाला तडा पाडला म्हणजे? तू नि पोर त्या चाकांवर बसून फिरणार आहात."

"अहो, रोज करते ती हे काम."

"मीही रोजच करत होतो. राहू दे इथे गाडी."

आठ दिवस घराचं अंगण म्हणजे कारखाना झालं. एकेक चाक काढायचं, त्या जागी स्टेपनी लावायची, चाक पाटावर आडवं ठेवून पॉलिश पेपरने घासायचं, धुवायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. एक हात, दोन हात, तीन हात. काकांनी पाच दिले. मागची बाजूही सोडली नाही. नट बसतात त्या भोकांमध्ये तर बारीक ब्रश घालून, जीभ दातांत धरून, कडेपर्यंत रंग भरला. मग चाकं चढवली आणि पान्यावर पाय देऊन नट आवळले. आवळून झाल्यावर अर्थातच दोनदा पुन्हा तपासले.

रविवारी सकाळी नऊला लेक चार वर्षांच्या नातीला घेऊन निघाली. जावई दुसऱ्या गावी नोकरीला, त्याच्याकडे जायचा तीन तासांचा रस्ता. चाकं उन्हात अशी चमकत होती की शेजारणीनेही विचारलं, नवी घेतली का?

आता इथे खरं तर काकांनी घरी बसून चहा प्यायचा. पण कौतुकाची चटक वाईट. मोबाइलमध्ये चाकांचे फोटो घेऊन साडेदहाच्या सुमारास ते रिंगवालीच्या दुकानात गेले. कशाला? तर सहज. बायको म्हणालीच, "सहज नाही, मिरवायला निघालाय."

रिंगवाली पस्तिशीची, कोपरापर्यंत हात राखाडी झालेले. समोर घासून तयार ठेवलेलं चाक होतं आणि रंग मारायच्या आधी ती नटांच्या भोकांवर एकेक गोल स्टिकर चिकटवत होती. काकांनी फोटोंचा विषय काढायचं सोडून आधी तेच धरलं.

"हे गं काय? भोकं कोरडीच सोडणार तू?"

"सोडायचीच असतात, काका."

"कुणाला दिसत नाही म्हणून?"

ती हसली. "नट तिथे टेकतो ना. मध्ये रंगाचा जाड थर असला की थोडं अंतर गेल्यावर तो दबतो, त्याचा भुगा होतो, आणि नट सैल पडतात. मागच्या बाजूने चाक गाडीला जिथे टेकतं तिथेही तसंच. तिथे धातूला धातूच लागला पाहिजे."

"पण घट्ट आवळले असले तर?"

"कितीही आवळा. रंगावरच आवळलेत ना? मागे एकाने घरी रंगवली होती. रस्त्यात चाक निखळून गाडीच्या पुढे गेलं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि आतली माणसं?"

तिने हातातला स्टिकर खाली ठेवला. "काका, कुणाच्या गाडीबद्दल बोलताय तुम्ही?"

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो उचलला जाणारच नव्हता, आणि का ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लेक गाडी शिकली त्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं: गाडी चालवताना फोनचा आवाज बंद, फोन मागच्या सीटवर. एवढ्या वर्षांत तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. मोड गं, एवढ्या एकदाच मोड, असं म्हणत ते बटण दाबत राहिले. घाईघाईत दोनदा भलत्यालाच फोन लागला.

रिंगवालीने जॅक, पाने आणि मूठभर नट उचलले, दुकानाचं शटर ओढलं आणि आपला छोटा टेम्पो सुरू केला. "बसा."

त्या रस्त्याबद्दल काका पुढे कधी बोलले नाहीत. कडेला थांबलेली प्रत्येक गाडी त्यांना लांबून लेकीचीच वाटायची. एका वळणावर माणसांचा घोळका दिसला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "ट्रक आहे, काका. टायर फुटलाय नुसता," रिंगवाली म्हणाली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. डोक्यात तो बारीक ब्रश भोकाच्या कडेने गोल गोल फिरत होता. किती जपून फिरवला होता तो त्यांनी!

सव्वाअकराला फोन वाजला.

"बाबा, सतरा मिस्ड कॉल? आई बरी आहे ना?"

"कुठे आहेस तू?"

"पेट्रोल पंपावर. हिला शू लागली म्हणून थांबले. काय झालं?"

"गाडी हलवू नकोस. बोटभरसुद्धा हलवू नकोस. चाकाचे नट हाताने फिरवून बघ."

"हाताने कसे फिरतील?"

"बघ म्हणतो ना!"

पलीकडे पावलं वाजली, नातीचं काहीतरी विचारणं ऐकू आलं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "डावीकडच्या पुढच्या चाकाचे दोन फिरतायत. तिसरा तर नाहीच आहे."

ते पोचले तेव्हा लेक पंपाच्या सावलीत नातीला कडेवर घेऊन उभी होती. काकांनी आधी नातीचे पाय चाचपले, मग लेकीचे खांदे, जणू कुठे काही निखळलंय का ते बघत होते. रिंगवालीने जॅक लावून ते पुढचं चाक उतरवलं आणि मागची बाजू वर केली. भोकांच्या कडेला रंगाचा भुगा जमला होता. ती पत्र्याच्या तुकड्याने तो खरवडायला लागली.

"काहीच कळलं नाही का गं तुला?" काकांनी विचारलं.

"टकटक आवाज येत होता ना. अर्धा तास तरी."

"अर्धा तास? मग थांबली का नाहीस?"

"डिक्कीत काहीतरी हलत असेल असं वाटलं. एकदा थांबून बॅगा नीट लावल्या, पुन्हा निघाले." नातीचा हात गळ्याभोवतून सोडवत ती अगदी साधेपणाने म्हणाली, "चाकं तुम्ही केलेली, बाबा. तिकडे बघावं असं मनातसुद्धा आलं नाही."

काका तिथल्याच कठड्यावर बसले आणि रिंगवालीने चौथं चाक खरवडून, आवळून होईपर्यंत उठले नाहीत.